प्रेम हरवलेलं माणूस कथेत दाखवायचं कसं? (आणि माझी एक अडलेली कथा)

वेंगुर्लेकरीण

नमस्कार मंडळी. आठवडाभर हा धागा डोक्यात घोळतोय. इकडे पाऊस असा लागलाय की संध्याकाळी सहालाच लाईट जाते, होड्या ३१ जुलैपर्यंत वर ओढून झापांखाली, त्यामुळे रस्त्यावर माणूस नाही आणि वाचायला वेळच वेळ. गावातल्या वाचनालयातून चेखवच्या कथांचं जुनं भाषांतर आणलं आणि त्यात ती घोडागाडीवाल्याची कथा परत वाचली. १८८६ सालची. म्हाताऱ्या इयोनाचा मुलगा त्याच आठवड्यात गेलाय आणि तो गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायला बघतो. कुणी ऐकत नाही. लष्करातला साहेब डोळे मिटून घेतो, तीन टवाळ पोरं त्यालाच शिव्या घालतात, तबेल्यातला तरुण गाडीवान पाणी पिऊन पांघरूण ओढून झोपतो, आणि शेवटी तो गवत चघळणाऱ्या घोडीला सगळं सांगतो. मी हे कॉलेजात वाचलं होतं तेव्हा मुलगा गेल्याचं वाईट वाटलेलं. आता पन्नाशीत वाचताना वाटलं की दुःख मुलगा जाण्यात आहेच, पण कथा उभी आहे ती ऐकणारं कुणी नसण्यावर.

तर मुद्दा असा. मी एक कथा लिहितेय, माझ्या काकीवर. काका गिरणीत मुंबईला, वर्षातून दोनदा गावी, गणपतीला आणि शिमग्याला. दर महिन्याला मनीऑर्डर. फॉर्मच्या खाली जो निरोपाचा तुकडा असायचा, कूपन म्हणायचो आम्ही, त्यावर दोन ओळी. काकीला अक्षर ओळख नव्हती, पोस्टमन वाचून दाखवायचा. एवढाच त्यांचा संसार, बारा-चौदा वर्षांचा. मग संपानंतर काकांचं येणं बंद झालं, पैसे कमी झाले पण येत राहिले, आणि कूपन कोरं यायला लागलं.

मी लिहिलंय ते असं, "पोस्टमनने कोऱ्या कुपनाकडे पाहिलं. मग काकीच्या डोळ्यांत पाहिलं. घसा साफ करून त्याने वाचलं, 'मी खुशाल आहे, तू जिवाला जप.' बाहेर समुद्र गाजत होता, जणू तिच्या मनातलं वादळच किनाऱ्यावर येऊन फुटत होतं."

इथे अडलेय. सगळं बरोबर आहे आणि तरी खोटं वाटतंय. कुणी सांगेल का काय चुकतंय?

आडवाट

धागा आवडला, या विषयावर इथे फार कमी बोललं जातं.

आधी तुमच्या इयोनाला जोड देतो. चेखवचीच ती कुत्रेवाल्या बाईची कथा, १८९९ ची. गुरोव याल्ताहून मॉस्कोला परत येतो, तिला विसरेन असं त्याला वाटत असतं, पण विसरता येत नाही, कुणाला तरी सांगावंसं वाटतं. एका रात्री क्लबातून निघताना पत्ते खेळणाऱ्या दोस्ताला तो न राहवून म्हणतो, काय विलक्षण बाई भेटली मला याल्तात! दोस्त स्लेजमध्ये बसतो, थोडा पुढे जातो, मागे वळून हाक मारतो. आणि म्हणतो, मघाशी तुम्ही म्हणालात ते खरं, मासा जरा वास मारत होता. बास. मासेखाऊ मुलखातल्या आपल्याला तर हे आणखीच लागतं, कारण जेवून उठल्यावर हेच बोलतो आपण सगळे. त्या एका वाक्यानं तो माणूस जितका एकटा पडतो तितका पानभर विरह लिहून पडला नसता.

फ्रँक ओकॉनर या आयरिश कथाकारानं १९६० च्या दशकात कथेवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं ढोबळमानानं असं की कादंबरीतला माणूस समाजात राहत असतो, समाजाशी भांडत का होईना, पण कथेत नायकच नसतो, कडेला पडलेली माणसं असतात, आणि म्हणून एकटेपणाची जाणीव कथेत जितकी तीव्र असते तितकी कादंबरीत नसते. सुरुवात तो गोगोलच्या ओव्हरकोटातल्या त्या गरीब कारकुनापासून करतो. मला हे शंभर टक्के पटत नाही पण तुमच्या काकीला लागू पडतं.

आता तुमचा परिच्छेद. समुद्र काढा.

देवबागची_सून

आडवाट यांना अनुमोदन, समुद्र काढाच. आमच्या घरामागे खाडी आणि पुढे समुद्र, दोन्ही चोवीस तास गाजतात, लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात ऐकू आला तेवढाच, नंतर कधी कानावर पडलेला आठवत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या बाईला समुद्र ऐकू येत नाही हो. तिला पागोळीखालची कळशी भरल्याचा आवाज ऐकू येतो. शहरातून आलेल्या पाहुण्याला समुद्र दिसतो, तेव्हा तुमच्या त्या वाक्यात काकी नाही, पाहुणा आहे.

आणि डोळ्यांत पाहणं पण नको. गावातला पोस्टमन दुसऱ्याच्या बायकोच्या डोळ्यांत कशाला बघेल? तो पिशवीत बघेल.

मुरूडची_मीरा

मी थोडं वेगळं बोलणारे, राग मानू नका. "ऐकणारं कुणी नाही" हे पीटर्सबर्गच्या बर्फात ठीक आहे. आपल्या वाडीत ऐकणारे कमी नाहीत, जास्त आहेत. माझ्या आईला बाबांनी सोडलं तेव्हा आमच्या ओटीवर महिनाभर बायका यायच्या, कोण सांत्वनाला, कोण नुसती बघायला, विहिरीवर गेलं की रहाट थांबायचा. प्रत्येकीला सगळं माहीत. आईला एकच गोष्ट हवी होती, की कुणीतरी दुसऱ्या कशाबद्दल बोलावं. माझ्या मते कोकणातल्या एकटेपणाची कथा लिहायची तर ती इथून लिहावी लागेल, सगळ्यांना ठाऊक असण्यातून. आपले कथा-कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर, त्यांना हे पक्कं माहीत होतं असं मला नेहमी वाटतं. कुडाळात खानावळ चालवलेला माणूस तो, चार माणसं जेवताना काय बोलतात आणि काय गिळतात हे त्यानं जवळून पाहिलेलं असणार. त्यांची माणसं गर्दीत असतात आणि आतून कोंडलेली असतात.

टागोरांची पोस्टमास्तरची कथा (१८९१) पण बघा, तुमच्या विषयाला फार जवळची आहे. रतन ही अनाथ पोर, कलकत्त्याहून आलेला पोस्टमास्तर, तो तिला अक्षरं शिकवतो, आजारी पडतो तेव्हा ती उशाशी बसते. निघताना ती विचारते मला तुमच्या घरी न्याल का, आणि तो हसतो. हसतो! मग जाताना पैसे देऊ करतो, ती पायावर पडते आणि पैसे न घेता पळून जाते. होडी सुटल्यावर त्याला एकदा वाटतं परत जावं, पण शिडात वारा भरलेला असतो, नदी पावसाळ्याची. त्याच्याकडे स्वतःची समजूत घालायला तत्त्वज्ञान आहे, तिच्याकडे नाही, ती पोस्टाभोवती घुटमळत राहते. दोघांमधलं जे घडलंय त्याला प्रेम म्हणायचं की नाही हेच ठरत नाही, आणि तरी ते तुटलेलं दिसतं. मला ही कथा कोणत्याही प्रेमकथेपेक्षा जास्त छळते.

वेंगुर्लेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. समुद्र काढला. काढताना जिवावर आलं, पण देवबागची_सून म्हणतात ते इतकं खरं आहे की मला माझीच लाज वाटली, मीही किनाऱ्यावरचीच की.

मीरा, तुमच्या आईबद्दल वाचून थांबले होते. काकीकडे पण यायच्या बायका. काकी त्यांना कुळथाची पिठी कशी आटवायची ते सांगत बसायची.

गिरणगावचा

मी क्वचित लिहितो इथे पण हे वाचून राहवलं नाही. सगळे काकीच्या बाजूनं बघताय, बरोबर आहे, पण त्या काकाचं काय? माझा जन्म लालबागचा, मूळ गाव सावंतवाडीकडचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. अडीच लाख कामगार म्हणतात, आम्हाला आकडा माहीत नव्हता, आम्हाला आमचा गाळा माहीत होता. एका खोलीत वीस-बावीस माणसं, पाळीपाळीनं झोपणारी, पेट्या भिंतीला लावलेल्या. पहिले दोन-तीन महिने सगळे उत्साहात होते, पावसाळा आला तसं एकेक जण भाताच्या लावणीचं निमित्त काढून गावी जायला लागला, आणि त्यातले बरेच परत आलेच नाहीत.

आमच्या गाळ्यात लिहिता-वाचता माणूस एकच, आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, तो शिक्षक वगैरे नव्हता, साचेवालाच होता. पगाराच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे मनीऑर्डर फॉर्म तोच भरायचा. निरोप काय लिहायचा हे सांगायला माणसं लाजायची, बाजूला दहा जण बसलेले, बायकोला काय लिहा म्हणून सांगणार? मग मास्तर आपलाच एक ठरलेला मजकूर सगळ्यांना लिहायचा. मास्तर गावी गेला त्यानंतर फॉर्मवर नाव-गाव पोस्टाबाहेर बसणाऱ्या माणसाकडून पैसे देऊन लिहून घ्यायचे, निरोपाचे वेगळे पैसे कोण देणार.

ताई, मला तुमच्या काकांचं काही माहीत नाही. पण कोरं कूपन म्हणजे प्रेम संपलं असं तुम्ही धरून चाललाय. ते अक्षर काकांचंच होतं का?

वेंगुर्लेकरीण

मी हे वाचलं आणि उठून चालत राहिले घरात. इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नाही.

काकीचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे, बिस्किटांचा, वरचं चित्र गंजून गेलंय. आज दुपारी काढला. कूपनं मोजली, ६१ मिळाली, म्हणजे सगळी नाहीत, काही वाळवीनं खाल्ली असणार. शेवटची ९ कोरी. बाकी सगळ्यांवर एकच अक्षर, तिरकं, 'आहे' मधल्या ह ची शेपटी लांब ओढलेली, शाई कधी निळी कधी काळी. मजकूर जवळजवळ तोच, मी खुशाल, तुम्ही खुशाल असावे, गुरांची काळजी घेणे, पाऊसपाणी कळवणे. आणि मग आजोबांच्या कागदपत्रांत सोसायटीच्या कर्जाचा एक कागद होता, जामीन म्हणून काकांचं नाव, तिथे सही नाही. अंगठा आहे.

म्हणजे काकाही.

आमच्याकडे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की मुंबईत त्यांनी दुसरं घर केलं. केलंही असेल, मला ते आता कळायचा मार्ग नाही, ते १९८८ ला तिकडेच गेले. पण कूपन कोरं येण्याचा अर्थ आम्ही लावला, तो आम्हीच लावलेला होता.

आडवाट

इथे कथेच्या दृष्टीनं एक प्रश्न येतो, निष्ठुर वाटेल पण विचारतो. हे वाचकाला सांगायचं का?

माझं मत नाही सांगायचं. गिरणगावचा यांनी दिलेलं कारण फार मोठं आहे, पण ते काकीला कळलं नव्हतं. तुम्ही ते सांगितलंत की वाचक सुटकेचा श्वास टाकेल, अरे गैरसमज होता, आणि काकीला कधीच न मिळालेला दिलासा वाचक स्वतः घेऊन जाईल. नवकथेच्या माणसांनी, गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर, १९४५ नंतरच्या त्या दहा-पंधरा वर्षांत मराठी कथेला जे शिकवलं ते हेच की घटनेचा खुलासा म्हणजे कथा नव्हे. कागदावरचा अंगठा दाखवा हवा तर. त्याचा अर्थ सांगू नका.

गिरणगावचा

मला नाही पटत. चाळीस वर्षं गावच्या घरांनी आमच्या बापांना बेइमान ठरवलं. एकदा तरी कुणीतरी लिहा की माणसाला लिहिता येत नव्हतं, आणि संपानंतर तोंड दाखवायची लाज वाटत होती. माझे वडील तीन गणपती गावाला गेले नाहीत, रिकाम्या हातानं दारात कसं उभं राहायचं म्हणून. चतुर्थीला गाळ्यावरच्या फोटोपुढे उदबत्ती लावून ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते दिवसभर, मी शेजारी बसलेलो. हे प्रेम संपलेल्या माणसाचं लक्षण आहे का?

मुरूडची_मीरा

दोघांचंही बरोबर आहे आणि ती दोन वेगळ्या कथा आहेत. गिरणगावचा, भिंतीकडे तोंड करून झोपलेले वडील ही तुमची कथा आहे, ती तुम्ही लिहा, मनापासून सांगते. वेंगुर्लेकरीण ताईंच्या कथेत आपण काकीच्या पडवीतून जेवढं दिसतं तेवढंच बघू शकतो.

पोस्टमनचं खोटं वाचणं मात्र काढा ताई. तो भाग गोड आहे. वाचताना लगेच डोळ्यात पाणी येतं आणि तेवढ्यानंच संपतं. तुम्ही सुरुवातीला म्हणालात खोटं वाटतंय, ते हेच असावं. खरं काय झालं होतं त्या दिवशी, तुम्ही होतात का तिथे?

टपालवाला_निवृत्त

मी ३४ वर्षं टपाल खात्यात होतो, त्यातली बरीच वर्षं बीटवर, सायकलनं आणि जिथे सायकल जात नाही तिथे चालत, दोन ठिकाणी तर, म्हणजे होडीनं खाडी, उतरून. कथा वगैरेतलं मला जास्त कळत नाही पण एक तांत्रिक गोष्ट सांगतो जी कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

मनीऑर्डरच्या फॉर्मला निरोपाच्या कुपनाबरोबर पोचपावतीचाही तुकडा असायचा. पैसे घेणाऱ्याने त्यावर सही करायची, सही येत नसेल तर अंगठा, आणि साक्षीदाराची सही. तो तुकडा आम्ही परत पाठवायचो, पैसे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर. म्हणजे तुमच्या काकीचा अंगठा दर महिन्याला मुंबईला काकांकडे जात होता. कूपन कोरं यायला लागल्यावरसुद्धा जात होता. निरोप लिहिणारा असो नसो, पोचपावती चुकायची नाही.

आणि खोटं वाचायचं म्हणाल तर तसं आम्ही कुणी करत नसू. लोकांचा आमच्यावर विश्वास होता. नसलेलं वाचलं आणि पुढच्या गणपतीला नवरा आला तर आमची काय गत?

देवबागची_सून

दर महिन्याला अंगठा. अंगावर काटा आला हे वाचून. ताई लिहा आता.

वेंगुर्लेकरीण

टपालवाला काका, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. मला शाईचा पॅड आठवतो, पोस्टमनच्या पिशवीतला, पत्र्याचं झाकण असलेला चपटा, आणि काकीचा डावा अंगठा धरून तो कसा कागदावर आडवा फिरवायचा ते. मी लहानपणी माझाही अंगठा उमटवून मागायचे, तो जुन्या पाकिटावर उमटवून द्यायचा. नंतर काकी अंगठा पडवीच्या खांबाला पुसायची, आतल्या बाजूला, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाही. त्या खांबावर कमरेच्या उंचीला एक जांभळट काळा डाग होता, हाताएवढा. मला वाटायचं फणसाचा चीक आहे.

मीरा, हो, मी होते तिथे. मी आठवीत. श्रावणातला दिवस, पाऊस थांबलेला, खळ्यात शेवाळ. मी आत्ता बसून लिहिलंय ते टाकते, फार सजवलेलं नाही, जसं झालं तसं.

"पोस्टमन पायरीवर बसला. छत्री मिटून खांबाला टेकवली. पैसे मोजून दिले, काकीनं ते न मोजता पदरात बांधले.

'काय लिवल्यानी?'

त्यानं कूपन उलटून बघितलं, परत सुलटं केलं. 'कायच लिवक नाय गे.'

'बरा,' काकी म्हणाली. अंगठा पुढे केला. त्यानं धरला, पॅडवर टेकवला, कागदावर फिरवला, सोडला. माझ्या आईनं साक्षीदार म्हणून सही केली.

'बस, पाणी हाडतंय,' म्हणून काकी आत गेली. दर महिन्यासारखाच गुळाचा खडा आणि तांब्या. गूळ तिनं नेहमीपेक्षा मोठा आणला असं मला वाटलं, पण मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मला गूळ हवा होता. पोस्टमन पाणी प्यायला, तांब्या पालथा घातला, छत्री घेतली. काकी खांबाशी गेली, अंगठा पुसला, आणि म्हशीला आंबोण ठेवायला निघून गेली."

एवढंच आहे. सोसायटीचा कागद यात नाही घातला, आडवाट म्हणतात तसं. गिरणगावचा, तुमची माफी मागते, पण पोचपावती मात्र मी घालणार आहे, ती पिशवीत परत टाकताना पोस्टमन पत्त्याची बाजू वर करून ठेवतो एवढंच, आणि तो पत्ता लालबागचाच आहे.

गिरणगावचा

माफी कसली ताई. पत्त्याची बाजू वर ठेवलीत, मला पोचलं.

आडवाट

"पण मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मला गूळ हवा होता" हे वाक्य कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका. "असं मला वाटलं" मधलं मोठा गूळ ठेवायचा की नाही यावर मी अजून विचार करतोय. काकीनं दिलेला गूळ नेहमीएवढाच असता तर?

वेंगुर्लेकरीण

नेहमीएवढाच होता बहुतेक. बदलते.

टपालवाला_निवृत्त

वाचलं. दोनदा वाचलं. एक दुरुस्ती, पैसे आम्ही अंगठा घेतल्यावर द्यायचो, आधी नाही.

आमच्या बीटवर अशा तिघी होत्या. एक तराच्या धक्क्याजवळ, दोन वरच्या वाडीत. तिघींकडे पाणी प्यायलोय.